मलावीतला मामा

मी बेळगावात डॉक्टरकी शिकले, खानापूर तालुक्यात काही वर्षे बाळंतपणे केली आणि २००६ साली यजमानांच्या नोकरीमागोमाग आफ्रिकेतल्या मलावी देशात गेले. तिथल्या एका जिल्हा रुग्णालयात, प्रसूती विभागात मला काम मिळाले. चिचेवा भाषा कानाला लवकर सरावली. बाईला हाक मारायची ती 'मायी' अशी, आदराने 'अमायी'. आपली माय, कन्नडातली तायी! आपण सीमाभागातली माणसे; दोन भाषांत वाढलेल्याला तिसरी फारशी जड जात नाही.

तिथली एक रीत मला फार आवडली. चेवा लोकांत मुलगी सहसा सासरी जात नाही, नवराच तिच्या गावी येऊन राहतो. म्हणजे जन्मभर माहेर! मग इथे बाळंतिणीला काय कमी, असे मला वाटले. पण २००४ सालच्या सरकारी पाहणीत लाख जन्मांमागे ९८४ माता दगावल्याची नोंद होती. माहेर होते, पण तिथून दवाखाना अठरा-वीस किलोमीटर, वाहन म्हणजे सायकल, आणि बाईला हलवायचे की नाही हे ठरवणार तिचा मामा. त्या घरांत कर्ता पुरुष तोच. मामा गावाला गेला असला की त्याची वाट पाहायची.

२००८ च्या ऑक्टोबरात एक बाई तपासणीला आली. सातवी खेप. दुपारचे दोन वाजले होते, व्हरांड्यात अजून चाळीसएक बायका बसलेल्या, आणि मी सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता. मी नर्सला म्हटले, "विचार हिला, सहा पोरांनी भागले नाही का?" भाषांतराआधीच माझा सूर तिला कळला असावा. ती खाली बघून म्हणाली, "सहा नाहीत. तीन आहेत." एक गोवराने गेले होते, दोन हिवतापाने.

माझ्या आजीची नऊ बाळंतपणे झाली, जगली चार. तिला कुणी असे विचारले असते तर मी त्याला दारात उभे केले नसते. तरी मी विचारले.

रुग्णालयाच्या आवारात दिवस भरत आलेल्या बायकांसाठी एक पडवी होती. पीठ, सरपण आणि सोबतीला एक बाई घेऊन यायचे, कळा सुरू होईपर्यंत राहायचे. तिला मी तीन आठवडे आधी बोलावले होते. ती आलीच नाही. जानेवारीतल्या एका रात्री तिला सायकलच्या कॅरिअरवर बांधून आणली. सुइणींना बाळंतपणे करायला सरकारने २००७ साली मनाई केली होती, पण हिचे झाले ते सुईणीच्याच हातून. मूल ठणठणीत, रक्तस्राव मात्र दुपारपासून थांबलेला नव्हता. मामा मयताला दुसऱ्या गावी गेला होता, तो संध्याकाळी परतला. आमच्याकडे तिच्या गटाच्या रक्ताची एकच बाटली होती. पहाटे ती गेली. मामा हातात टोपी घेऊन भिंतीशी उभा होता.

चार दिवसांनी नर्स म्हणाली, "ती पडवीत यायला तयार नव्हती. डॉक्टरीण ओरडते म्हणाली."

बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत २००२ ते २००५ या काळात १६२० बायकांवर मिसोप्रोस्टॉल या गोळीचा अभ्यास झाला होता. बाळंत होताच ही गोळी घेतलेल्यांत अतिरक्तस्राव ६.४ टक्के, औषध नसलेली गोळी घेतलेल्यांत १२ टक्के. सुई नको, शीतपेटी नको. २००६ साली तो 'लॅन्सेट'मध्ये छापून आला तेव्हा मी मलावीत सगळ्यांना अभिमानाने दाखवला होता. गोळी आमच्या जिल्ह्यात पारखलेली, आणि त्या सुईणीच्या गावात कुणाकडेच नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत ती या कामासाठी २०११ साली आली.

पाळणा लांबवण्याला चिचेवात 'कुलेरा' म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ मूल वाढवणे. (आपल्याकडे नुसते 'ऑपरेशन' म्हटले की बायका दचकायच्या!) २००८ पासून गावातल्या आरोग्य सेवकांना तीन महिन्यांचे इंजेक्शन द्यायची परवानगी मिळाली. १९९२ साली तिथे हजारी २३४ मुले पाचव्या वर्षाआधी जात. २००४ ला १३३, २०१५-१६ ला ६३. बाईमागे मुले ६.७ होती, ती २००४ लाही ६.०, आणि मग ४.४. आधी मुले जगू लागली, मग बायका कमी मुलांवर थांबू लागल्या. मी हा क्रम उलटा धरून चालले होते. मातांचे मृत्यूही २०१५-१६ पर्यंत लाखामागे ४३९ वर आले. तेही काही थोडे नव्हेत.

पुढच्या वर्षी तोच मामा पुन्हा आला. धाकट्या भाचीला घेऊन, दिवस भरायला तीन आठवडे असताना. सायकलला मक्याच्या पिठाचे पोते आणि पातेले बांधलेले. पडवीत तिची चटई नीट अंथरून झाल्यावर तो माझ्या टेबलाशी आला, टोपी काढली.

"अमायी," तो म्हणाला, "पोरीची पहिलीच वेळ आहे. तिच्यावर ओरडू नका."