पीळ

भोवऱ्यात मी वाकबगार होतो. जाळी गुंडाळून असा फेकायचो की भोवरा आरीवर उभा राहून गुणगुणायचा. मग बोटांच्या बेचक्यातून अलगद तळहातावर घ्यायचा. पण भोवरा एकदा हातातून सुटला की सुटला. फिरून फिरून शेवटी तो मातीतच आडवा व्हायचा. यो-योचं तसं नव्हतं.

१९८१ च्या दिवाळीत दादांनी तो मुंबईहून आणला. लाल-पिवळ्या रंगाच्या दोन लाकडी चकत्या, मधे पेन्सिलीएवढा कणा आणि त्यात अडकवलेला दोरा. गावात असलं खेळणं कुणी बघितलं नव्हतं. पोरं त्याला चकरीच म्हणायची. दादा तेव्हा गिरणीत त्रासन खात्यात होते, म्हणजे जिथं सूत कातलं जातं तिथं. चार दिवस राहून परत जाताना म्हणाले, "चौपाटीवर एक पोरगं बघितलं. खाली नव्हं, समोर फेकायचं. आलेला हातात धरायचाच न्हाई, मनगटानं तसाच परत धाडायचा. फेऱ्यावर फेऱ्या. तू शिकून ठेव."

मी शिकायला लागलो. खाली टाकून वर घेणं दोन दिवसांत जमलं. समोरचं मात्र जमेना. एकदा कपाळावर टेंगूळ आलं, एकदा कंदिलाची काच गेली. आजीनं यो-यो उतरंडीमागं लपवून ठेवला. तो महिनाभर तिथंच राहिला.

तोवर १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉक्टर सामंतांचं नाव गावात पोराटोरांच्याही तोंडी झालं. शिमग्याच्या आधी दादा पत्र्याची पेटी घेऊन यष्टीतून उतरले. त्यांच्यामागं वाडीतले आणखी सहा-सात जण होते. पहिले आठ दिवस सणासारखे गेले. मग पारावर जो भेटेल तो विचारायचा, "कवा मिटतोय संप?" एकदा कुणीतरी हसत म्हणालं, "सुंभ जळला तरी पीळ जाईना गड्यांचा." दादा काही बोलले नाहीत. उठून घरी आले आणि त्यानंतर पारावर जाणंच त्यांनी सोडलं. आई रोज दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. दादा ओट्यावर भिंतीला टेकून बसायचे. त्यांच्याशी काय बोलावं ते मला कळायचं नाही.

मी आजीच्या हातापाया पडून यो-यो सोडवून घेतला. तो अडखळतोय असं वाटलं म्हणून कण्याला चांगलं बोटभर गोडेतेल चोळलं. बैलगाडीच्या कण्याला वंगण घालतात, मोटेचं चाक कुरकुरलं की तेल घालतात, तसंच. झालं उलटंच. यो-यो खाली जायचा आणि दोऱ्याच्या टोकाला नुसता गरगरत राहायचा. वर यायचं नावच नाही. रडकुंडीला आलो.

दादा ओट्यावरून बघत होते. "काय घातलंस रं त्याला?"

"तेल."

"आन हिकडं." त्यांनी कणा बोटानं चाचपला. "येड्या, गाडीला फुडं जायचं असतं. ह्याला माघारी यायचंय. दोऱ्यानं कणा धरला तरच त्यो वर येणार. बुळबुळीत केल्यावर धरंल कशाला?"

त्यांनी जुना दोरा काढून टाकला. चुलीतली राख चिमटीनं कण्याला लावली आणि फडक्यानं कोरडं होईस्तोवर पुसली. मग घरात गेले. गोधडीसाठी म्हणून आईनं डब्यात जपलेलं सूत बाहेर काढलं. आई म्हणाली, "असू द्या की, लागतंय ते." दादा म्हणाले, "दोन वाव फक्त."

पुढचं मी बघतच राहिलो. चार पदर एकत्र करून एक टोक माझ्या हातात दिलं. दुसरं स्वतः घेऊन बोटांवर असं वळलं की दोरा तटतटून आला. मधे बोट घालून दुमडला, तर दोन्ही अंगं आपोआप एकमेकांना वेढत गेली. दुमडीच्या जागी पीळ उकलून फासा मोठा केला आणि कण्यावर चढवला. मग तिथंच एक आढी देऊन पुन्हा चढवला. "एका वेढ्यानं त्यो तळाला फिरत ऱ्हातो. दोन दिलं की धरतो." दोरा उभा धरून माझ्या बेंबीशी तोडला आणि मधल्या बोटासाठी सरकगाठ मारली.

दुसऱ्या दिवशी मला दोन फेऱ्या जमल्या. आठवड्यात नऊ झाल्या. हात फेकायचा नाही, कोपर अंगाशी ठेवायचं आणि आलेल्या यो-योला मनगटाच्या आतल्या अंगानं वाट करून द्यायची, एवढंच त्यात होतं. पण दहाच्या पुढं काहीतरी बिघडायचं. दादांनी दोरा चिमटीत धरला. "दर फेरीला पीळ बदलतोय. लई चढला की फासा कण्याला आवळतो, लई उतरला की धरीत न्हाई. बोटातनं काढून नुसता लोंबू दे. आपला आपण फिरून जाग्यावर यील." तसा तो आला.

ओट्यावर बसून दादा फेऱ्या मोजायचे. संध्याकाळी वाडीतले संपवाले गडीही येऊन बसायला लागले. कुणाच्या पोराचा भोवरा, कुणाची गोफण, असलं काहीबाही दादांकडं दुरुस्तीला यायचं. दोऱ्याचं काम असलं की ते घड्याळ विसरायचे. एकदा मी सत्तेचाळीस फेऱ्या केल्या तेव्हा मोठ्यानं हसले. संपानंतरचं त्यांचं ते पहिलं हसणं.

दादांची गिरणी पुन्हा त्यांच्या वाट्याला आली नाही. पुढच्या वर्षी एकदा मुंबईला जाऊन आले. काय झालं ते सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे आईबरोबर ऊस तोडायला निघाले.

यो-यो पुढं चिरला आणि कुठं गेला कळलं नाही. डब्यातल्या उरलेल्या सुतानं आईनं गोधडी शिवली. ती अजून माझ्याकडं आहे. टाका कुठं उसवला तर मी आधी तो सुताचा शेंडा चिमटीत घेऊन वळतो आणि मगच सुईत ओवतो.