तेलाचा हिशेब

तेल हा घरातला मोठा भांडणखोर पदार्थ आहे. महिन्याच्या वीस तारखेला डबा रिकामा झाला की कोणी भज्यांकडे बोट दाखवतो, कोणी पाहुण्यांकडे. खरे उत्तर असते ते गृहिणीच्या वहीत. पण घरातले एखादे इंजिनच तेल पिऊ लागले तर? माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी ते घडले, आणि तेथेही अखेर वहीच कामाला आली.

बुलढाणा जिल्ह्याचे आम्ही लोक स्वतःची विभागणी दोन शब्दांत करतो: घाटावरचे आणि घाटाखालचे. मी घाटावरचा, बुलढाणा गावातला, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेला. ताई घाटाखालची. राजूर घाट उतरून मोताळ्याच्या बाजूला गेले की तिचे शेत लागते. घर शेतातच आहे. कपाशी, सोयाबीन, तूर आणि थंडीत हरभरा, असा सगळा वऱ्हाडी संसार.

तीन वर्षांपूर्वी भाऊजींना पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा पाय गेला. ज्या माणसाने पन्नास वर्षे रोज पहाटे बांधावरून फेरी मारली, तो ओसरीतल्या खुर्चीत बसून रस्त्याकडे पाहू लागला. बोलणे कमी झाले, जेवण कमी झाले. ते पाहून माझ्या भाच्याने एक उद्योग आरंभला. भंगारातले लोखंडी नळ, रिक्षाची चाके आणि शंभर सी.सी.च्या जुन्या मोटरसायकलचे इंजिन एवढ्या भांडवलावर त्याने वडिलांसाठी चारचाकी गाडी जुळवली.

वाचकांना ही थट्टा वाटेल, पण या घराण्याचे कुळ मोठे आहे. इंग्लंडात मॉर्गनच्या तीनचाकी गाड्या मोटरसायकलच्या इंजिनावर नावारूपाला आल्या. जर्मनीत १९५५ साली बी.एम.डब्ल्यू. कंपनीने अंड्याच्या आकाराची इसेट्टा काढली, तिच्या पोटात त्यांच्याच मोटरसायकलचे सुमारे अडीचशे सी.सी.चे इंजिन होते. आणि आपल्याकडे सांगली जिल्ह्यात देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून जीप बनवली. दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी ती गाडी २०२१ च्या डिसेंबरात देशभर गाजली. आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली आणि २०२२ च्या जानेवारीत ती लोहारांच्या दारात आली. अशा घरगुती गाड्या सार्वजनिक रस्त्यावर चालवायला कायद्याची मोकळीक नाही, म्हणून आमच्या भाच्याची गाडी शेताच्या कुंपणाबाहेर कधी गेली नाही. भाऊजींना तरी जायचे होते कोठे? घर ते विहीर, विहीर ते शेवटचा बांध. त्यांचे जग परत मिळाले.

गाडी तेल पिते हे भाच्याच्या ध्यानात आले ते पावसाळा सरताना. दांडीच्या वरच्या खुणेपर्यंत तेल भरावे, तर पंधरा-वीस दिवसांत ते खालच्या खुणेवर. मागून निळसर धूर. गाडीखाली रात्रभर वर्तमानपत्र अंथरून पाहिले, तर सकाळी त्यावर एक थेंबही नाही. म्हणजे तेल गळत नव्हते, जळत होते. मिस्त्री आले, धूर पाहिला आणि म्हणाले, "याले बोअरच करा लागते, मास्तर. रिंगा गेल्या."

मिस्त्रींचे म्हणणे वावगे नव्हते. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल खरवडून खाली न जाता वर ज्वलनात शिरते. शिवाय या इंजिनावर भार मूळच्या दुप्पट, आणि वाऱ्याने थंड होणारे इंजिन गाडीच्या पेटीत कोंडलेले. पण खर्च यायचा तो हरभऱ्याच्या बियाण्यासाठी ठेवलेल्या पैशांतून. भाऊजी म्हणाले, "राहू दे गाडी. मी बसतो ओसरीवर." त्या दिवशी ताई पहिल्यांदा रडली.

मी भाच्याला म्हटले, "इंजिन उघडण्यापूर्वी त्याला बोलू तरी दे." रोगी जसा सांगतो की दुखते केव्हा, तसे इंजिनही सांगते. चढावर जोर देताना धूर दाट झाला तर संशय रिंगांवर. उतारावर गाडी तशीच सोडून पुन्हा पीळ दिला आणि मगच धुराचा लोट आला तर संशय व्हॉल्व्हच्या गाइडांवर, कारण बंद थ्रॉटलमागे निर्माण होणारी ओढ तेथून तेल आत खेचते. आम्ही विहिरीच्या उतारावर दोन्ही करून पाहिले. धूर दोन्ही वेळा सारखाच.

तेव्हा ताईने किराणाची वही पुढे ओढली. तारीख, मीटर आणि किती तेल ओतले, एवढे तीनच रकाने. "मला इंजिन समजत नाही," ती म्हणाली, "पण डबा कोणत्या आठवड्यात रिकामा होतो ते समजतं."

मग दिवाळी आली. दुकान बंद, घर पाहुण्यांनी भरलेले. पणत्यांना तेल मिळाले, गाडीला नाही. दांडी खालच्या खुणेवर असतानाच भाऊजींच्या हट्टाने गाडी आठ दिवस हळूहळू चालली. भाचा रोज संध्याकाळी धडधडत्या छातीने दांडी पाहत होता. भाऊबीजेला ताईने वही माझ्यापुढे ठेवली. चाळीस किलोमीटरांत तेल केसभरही उतरले नव्हते, आणि धूरही नव्हता!

झिजलेल्या रिंगा सणवार पाळत नाहीत. त्या रोज सारखेच तेल खातात. हे इंजिन मात्र पोट भरलेले असतानाच सांडत होते. आम्ही सगळे तेल काढून ताईच्या दुधाच्या मापाने मोजले. दांडी ज्याला कमी म्हणत होती, ते इंजिनाला हवे तेवढेच, जवळजवळ एक लिटर भरले!

मग दांडी खोटे का बोलत होती? साखळी चौकटीला घासू नये म्हणून भाच्याने इंजिनाची मागची बाजू दोन बोटे उचलून बसवली होती, आणि दांडीचे भोक नेमके मागच्या बाजूला. मोटरसायकल सरळ, सपाट जागी उभी असते तेव्हाच त्या खुणा खऱ्या. इंजिन कलले की तेल पुढे सरते, दांडी कोरडी दिसते आणि माणूस आणखी ओततो. जादा तेल फिरत्या क्रँकने घुसळले जाते, श्वासनळीतून हवेच्या पेटीत जाते आणि तेथून सिलिंडरात जळते. म्हणून धूर, म्हणून भूक.

खात्रीसाठी श्वासनळी काढून तिचे तोंड लोणच्याच्या बरणीत सोडले. जुन्या खुणेपर्यंत तेल भरले तर दोन दिवसांत बरणीत तेल जमले, आणि निळा धूर नाहीसा. मोजून लिटरभर भरले तेव्हा बरणी नुसती ओलसर. रिंगा खरोखर गेल्या असत्या तर त्यांच्या फटींतून येणाऱ्या दाबाने मोजक्या तेलातही बरणी भरत राहिली असती. मिस्त्रींना बोलावून दाखवले. त्यांनी स्वतःच्या हाताने, कानशीने दांडीवर नवी खूण केली आणि मजुरी घेतली नाही.

हरभरा वेळेवर पेरला गेला. भाऊजी गाडीत बसून ओळी मोजत होते आणि पाभरीमागच्या माणसाला ओरडत होते. त्यांचा आवाज किती दिवसांनी एवढा चढलेला ऐकला!

यंत्राच्या दुरुस्तीत पहिला पाना हातात घेण्यापूर्वी पेन्सिल घ्यावी, असे मला आता वाटू लागले आहे. ताईची वही अजून चालू आहे. गाडीचा रकाना तिने किराण्यातच घातला आहे, गोडेतेलाच्या खाली आणि रॉकेलच्या जुन्या, आता रिकाम्या पडलेल्या रकान्याच्या वर.