मामाची बुलेट आणि जास्तीचे चार घोडे

इंजिनची पॉवर वाढवायची का? उत्तर शोधायला केलेली पुणे-सातारा-सांगली राईड

शुक्रवारी संध्याकाळी आमच्या कट्ट्यावर एकच विषय असतो. कुणी काय अपग्रेड केलं? मोबाइल दर दोन वर्षांनी, लॅपटॉप तीन आणि नोकरी दीड! अशा मंडळींत मी फिरते 1998 सालच्या बुलेटवर. एमएच-10, म्हणजे सांगलीचं पासिंग. मामाने हौसेने घेतलेली. गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा त्याने किल्ली माझ्या हातावर ठेवली. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात, गिअर चारच. 346 सीसी, 18 बीएचपी. हिवाळ्यात दोन किक, उन्हाळ्यात एक. आजवर तिने मला रस्त्यात कुठेही अडकवलेलं नाही.

प्रॉब्लेम एकच. ग्रुपमधले सगळे नव्या बाइकवर भुर्रकन पुढे जातात आणि मी ढाब्यावर पोहोचते तेव्हा त्यांचा दुसरा चहा चालू असतो.

पुण्यातल्या ओळखीच्या मेकॅनिकने उपाय सुचवला, ‘पाचशेचा ब्लॉक बसवून टाकू.’ म्हणजे मोठा ब्लॉक, मोठा पिस्टन, वेगळं हेड, वेगळा कार्ब्युरेटर. दोन्ही इंजिनांचा स्ट्रोक 90 मिलिमीटरच, पण 350 चा बोअर 70 मिलिमीटर आणि 500 चा 84. त्यामुळे क्रँककेसचं तोंडही लेथवर मोठं करावं लागतं. खर्च पन्नास हजार. दिवाळी अंकांचं मानधन नुकतंच जमा झालं होतं, हात शिवशिवत होते. मामाला फोन केला. तो एवढंच म्हणाला, ‘इंजिन उघडायच्या आधी एकदा गाडी घेऊन ये. मिस्त्रींना दाखवू.’

म्हणून 2023 च्या डिसेंबरातल्या एका शनिवारी पहाटे निघाले. ठरवलं होतं, पॉवर कमी पडली असं जिथे जिथे वाटेल, ते डायरीत लिहायचं.

घाट आणि कंदी पेढे

पहिली नोंद अर्थातच खंबाटकीची. दुसरा गिअर, समोर धूर सोडणारा ट्रक, मागे हॉर्न देणारी एसयूव्ही. पॉवर हवी होती का? हो! डायरीत एक फुली.

साताऱ्यात पोवई नाक्यावर चहा झाला, कंदी पेढ्यांचा पुडा बॅगेत गेला आणि मी यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागले. युनेस्कोने 2012 मध्ये पश्चिम घाटातल्या ज्या जागांना जागतिक वारशात घेतलं, त्यात कास आहे. डिसेंबरात तिथे फुलं नसतात, गर्दीही नसते. सोनेरी गवत, काळा कातळ, एका बाजूला कण्हेरचं पाणी, दुसऱ्या बाजूला उरमोडीचं. या रस्त्यावर बुलेट चाळीसच्या स्पीडने अशी काही चालली की विचारू नका. इथे जास्तीची पॉवर घेऊन करायचं काय? वळणं तर चाळीसचीच आहेत! डायरी कोरी.

इंजिनांचा मुलूख

सातारा म्हटलं की आपल्याला अजिंक्यतारा आणि सज्जनगड आठवतात. पण हा मशिनचाही मुलूख आहे. धनजीशा कूपर यांनी सातारा रोडला कारखाना काढला. तिथे आधी लोखंडी नांगर आणि पुढे डिझेल इंजिनं तयार झाली. हेच कूपर 1937 मध्ये मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झाले. मुख्यमंत्रिपदाला तेव्हा तसं म्हणत. 1975 मध्ये बजाज ऑटो आणि राज्य सरकारचं पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी मिळून महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली आणि साताऱ्यात ‘प्रिया’ स्कूटर तयार होऊ लागली. तुमच्या आईबाबांच्या लग्नाच्या अल्बममध्ये ती कुठेतरी नक्की उभी असेल!

दुपारी कराडला हायवे सोडला आणि पलूसच्या दिशेने वळले. वाटेत किर्लोस्करवाडी. सायकलच्या दुकानापासून सुरुवात केलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगाव सोडावं लागलं, तेव्हा औंधच्या राजांनी इथली जमीन दिली. 1910 मध्ये या माळरानावर कारखाना आणि कामगारांची वसाहत उभी राहिली. आज इथे पंप बनतात. या भागातला ऊस पाण्यावर आणि पाणी पंपावर. शेतकरी इंजिन घेताना ते किती वेगात फिरतं हे विचारत नाही, रात्रभर चालेल का ते विचारतो. रस्त्याकडेला चहा पिताना हे डोक्यात आलं खरं, पण पन्नास हजारांचा किडा अजून शांत नव्हता.

उसाच्या दोन ट्रॉल्या

गळिताचा हंगाम. ट्रॅक्टरमागे उसाने लादलेल्या दोन ट्रॉल्या, उसाचे शेंडे रस्त्यावर लोंबतायत, पुढचं काही दिसत नाही. दहा मिनिटं त्यांच्या मागे धूळ खाल्ली आणि कंटाळून ओव्हरटेकला काढली. अर्ध्यात पोहोचले तोच समोरून टेम्पो. ट्रॅक्टर संपता संपेना. दोन्ही ब्रेक दाबले, गाडी थोडी वाकडी झाली आणि मी कशीबशी पुन्हा ट्रॉलीच्या मागे आले. टेम्पोवाला जे बोलला ते इथे छापता येणार नाही. चूक माझीच होती.

तासगावच्या अलीकडे द्राक्षबागांच्या कडेला गाडी लावून पाच मिनिटं नुसती बसून राहिले. हात थरथरत होते. डायरी काढली. फुली मारायची की नाही? पॉवर जास्त असती तर कदाचित निघाले असते. पण मग मी गेलेही असते जास्त वेगात, आणि थांबवायला ब्रेक तेच! पुढचे ब्रेक शू शेवटचे कधी बदलले होते, हेसुद्धा मला आठवेना. पाचशेच्या ब्लॉकचे भाव मात्र तोंडपाठ होते.

मिस्त्रींचा निकाल

सांगलीत मामाने भडंगाची डिश समोर ठेवली आणि ती संपायच्या आत गॅरेजला नेलं. भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर एक मळकट रेघ. ‘2019 चा पूर,’ मामा म्हणाला. त्या ऑगस्टमध्ये कृष्णा अर्ध्या शहरात शिरली होती. पाणी ओसरल्यावर मिस्त्रींनी गल्लीतल्या कितीतरी गाड्यांची इंजिनं खोलून गाळ काढला होता.

मिस्त्रींनी आधी हाताने किक हळूहळू दाबून पाहिली. मग गाडी चालू करून टॅपेटचा आवाज ऐकला, प्लग काढून त्याचा रंग बघितला.

‘कॉम्प्रेशन भक्कम हाय. काय करायचंय म्हणालात ताई?’

सांगितलं. मला वाटलं, ओरडतील. पण ते शांतपणे म्हणाले, ‘करून देतो की. लई पोरांना दिलंय. पण ऐका. ही गाडी पहिल्यापास्नं माझ्याच हाताखाली हाय. अजून एकदाबी बोरिंग झालेलं न्हाई. ब्लॉक झिजला की वीसचा पिस्टन टाकायचा, मग चाळीसचा, मग साठचा. म्हंजे अजून तीन जन्म शिल्लक हायती. क्रँककेसचं तोंड एकदा कापलं की परत येत न्हाई. आन् पाचशेला घोडे किती मिळणार?’

मोबाइलवर बघितलं. त्या काळच्या पाचशेचे कंपनीने दिलेले आकडे 22 बीएचपी. म्हणजे जास्तीचे चार घोडे, एका घोड्याला साडेबारा हजार! वर गिअरबॉक्स, क्लच आणि ब्रेक जुनेच.

मामा इतका वेळ गप्प होता. ‘गाडी तुझी आहे,’ तो म्हणाला. ‘उद्या कापलीस तरी मी काही बोलणार नाही.’ खरं सांगू? तो रागावला असता तर मी हट्टाने काम करून घेतलं असतं.

रात्री आयर्विन पुलाजवळ कृष्णेच्या काठी बसून डायरी उघडली. 1929 पासून उभा असलेला पूल, खाली काळं पाणी. दिवसभरात पॉवरसाठी खरी फुली एकच, खंबाटकीची. बाकी सगळ्या ठिकाणी मला हवा होता धीर, नाहीतर ब्रेक.

रविवारी सकाळी मिस्त्रींनी नवे ब्रेक शू, केबल, चेन-स्प्रॉकेट, टॅपेट सेटिंग आणि ऑइल असं सगळं केलं. बिल साडेचार हजार. परत येताना खंबाटकीला बोगदा लागतो, त्यामुळे ती एक फुलीही वाचली! घाटात मी अजूनही सगळ्यांच्या मागे असते आणि कधी कधी अजूनही चरफडते. साठचा पिस्टनही झिजेल तेव्हा पाचशेचा विचार पुन्हा करीन. तोपर्यंत ते तीन जन्म माझेच आहेत.

सोमवारी कट्ट्यावर विचारलंच कुणीतरी, ‘मग, काय अपग्रेड केलंस?’

‘ब्रेक,’ मी म्हटलं आणि पेढ्यांचा पुडा उघडला.

इंजिनला हात लावण्याआधी

• कायदा बघा. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार आरसी बुकातल्या कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच पुन्हा स्पष्ट केलं. सीसी हा आरसीवरचाच तपशील!

• इन्शुरन्स बघा. 2022 मध्ये ठरलेल्या दरांनुसार 150 ते 350 सीसीच्या दुचाकीचा थर्ड पार्टी हप्ता वर्षाला 1,366 रुपये, 350 च्या वर 2,804. न सांगता इंजिन बदललं तर क्लेमच्या वेळी वाद ठरलेला.

• आधी ब्रेक, टायर, चेन आणि ट्यूनिंग. मग एक लांब राईड. त्यानंतरही पॉवर कमीच वाटली तर मिस्त्रींशी बोला.

• ऊस गळिताच्या हंगामात कराड-पलूस-तासगाव रस्त्याला दिवसाउजेडी जा. ट्रॉलीच्या मागे असाल तर भडंग खा, घाई करू नका.