पायाशी उतरलेला शरद

शरदाचे रंग पाहायचे तर मान वर करायची, ही सवय थंड मुलखातल्या चित्रांनी लावली. सह्याद्रीत शरद पायाशी उतरतो. भाद्रपद सरता सरता भीमाशंकरच्या माथ्यावरचे उघडे सडे सोनकीने पिवळेधमक होतात, ओलसर उतारांवर तेरड्याचा गुलाबी रंग दाटतो. डोक्यावरचं रान मात्र तसंच गर्द हिरवं.

खालच्या या रंगांना घाई असते. कातळावर माती ती केवढी! पाऊस ओसरला की ती सुकणार. तेवढ्यात फुलायचं, फळायचं, बी टाकून मोकळं व्हायचं. तेरड्याचं टपोरं बोंड हलकेच चिमटीत धरून पाहावं. बोट लागताच ते तडकतं, त्याच्या फाका आत वळून गुंडाळल्या जातात आणि बिया उडून गवतात नाहीशा होतात. तेरड्याचा रंग तीन दिवस, हे खरंच. पण तेवढ्यात पुढच्या पावसाची तजवीज झालेली असते. म्हणूनच फोटोसाठी सोनकीत लोळणारी माणसं दिसली की जीव तुटतो. तुडवलेलं फूल बी धरत नाही.

गुप्त भीमाशंकरच्या वाटेने रानात शिरलं की ऊन कवडशांपुरतं उरतं. बुंध्यांवरचं शेवाळ पिवळट पडू लागलेलं, नेच्यांच्या कडा करपलेल्या. इथे शेकरू आधी ऐकू येतं. वरून खडखडीत, चिडका आवाज येतो, मग उंबराचे कुरतडलेले तुकडे खाली पडतात. नजर ठरली की ते दिसतं: तांबूस पाठ, फिकट पोट, अंगाहून लांब झुबकेदार शेपूट. मागच्या पायांनी फांदी धरून उलटं लटकलेलं, पुढच्या दोन्ही पंजांत फळ फिरवत खाणारं. आपला हा राज्यप्राणी. 1985 साली इथे अभयारण्य झालं, त्यात त्याचा मोठा वाटा.

शेकरू जमिनीवर क्वचितच उतरतं. त्याचं घरटं शेंड्याजवळच्या बारीक फांद्यांत, जाणं-येणं या झाडावरून त्या झाडावर. वीस फुटांची झेप ते सहज घेतं, पण फांदीला फांदी जवळ हवी. वाट रुंद करायला एखादं झाड पाडलं, तर आपल्याला तेवढं आभाळ मोकळं दिसतं. त्याचा रस्ता तुटतो. अशाच एका फटीशी ते थांबलं, दोनदा पुढे झुकलं, मागे फिरलं आणि ओढ्याकडच्या झाडांवरून लांबचा फेरा घेऊन पलीकडे गेलं.