ओरिजिनल की डुप्लिकेट?

सुरुवातीलाच कबुली देते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' यांत माझा अजूनही घोळ होतो, आणि या लेखातल्या ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी माझ्या रूममेटची आहे. तरीही मराठी विभागात लिहायचं धाडस करतेय, कारण ही गोष्ट घडली अमेरिकेत, पण मराठीतूनच.

सेकंड इयरची परीक्षा आटोपल्यावर मी मामाकडे मिशिगनला गेले होते. तिकीट मामाचं. अट एकच, "मेकॅनिकलला आहेस ना? मग माझ्या गाडीचं काम करायचं."

मामाही एके काळी आपल्यासारखाच हॉस्टेलवर होता. रद्दीतून आणलेल्या एका अमेरिकन मासिकातलं गाडीचं चित्र त्याने खोलीच्या भिंतीवर चिकटवलं होतं. १९६५ ची पॉन्टियाक जीटीओ. मेसचं बिल थकायचं, पण चित्र हललं नाही. पुढे एम. एस., नोकरी, घराचे हप्ते, मुलगी. आणि दोन वर्षांपूर्वी, पन्नाशीला टेकल्यावर, ती गाडी खरोखर त्याच्या गॅरेजमध्ये आली. ओळखीतून मिळाली, म्हणून फार कागद बघितले नाहीत.

काय गाडी आहे! लालभडक रंग, एकावर एक उभे हेडलाइट, बॉनेटवर स्कूप. इंजिन ३८९ क्यूबिक इंच, म्हणजे जवळजवळ ६.४ लिटर. मी लगेच हिशेब मांडला. आपली मारुती ८०० होती ७९६ सीसीची. म्हणजे आठ मारुत्या एका बॉनेटखाली! त्यात मामाच्या गाडीला 'ट्राय-पॉवर', म्हणजे एकाऐवजी तीन कार्बोरेटर. कंपनीच्या आकड्यानुसार ३६० हॉर्सपॉवर. ब्रेक मात्र चारही चाकांना ड्रमचे. पळायची सोय भरपूर, थांबायची बेताची!

या गाडीचा जन्मच एका पळवाटेतून झाला. मधल्या आकाराच्या गाड्यांत ३३० क्यूबिक इंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही, असा जनरल मोटर्सचा नियम होता. पॉन्टियाकचे चीफ इंजिनियर जॉन डीलोरियन आणि त्यांच्या मंडळींनी नियम नीट वाचला. (आपण एटीकेटीचे नियम वाचतो तसा.) नवीन मॉडेल काढायचं तर वरून मंजुरी लागणार, ऑप्शनला कोण विचारतंय? म्हणून १९६४ साली त्यांनी टेम्पेस्ट ल मान्स या साध्या गाडीवर एक ऑप्शन दिला, त्याचं नाव जीटीओ. ३०० डॉलरच्या आत मोठं इंजिन आणि बाकी साज. पहिल्याच वर्षी ३२ हजारांहून जास्त गाड्या गेल्या, दुसऱ्या वर्षी ७५ हजारांहून जास्त. वुडवर्ड अव्हेन्यू हा डेट्रॉईटहून पॉन्टियाक गावाकडे जाणारा रस्ता. त्या काळी तिथली पोरं रात्री या गाड्या घेऊन सिग्नलपासून सिग्नलपर्यंत शर्यत लावायची. पॉन्टियाक कंपनी २०१० मध्ये बंद झाली, पण त्याच रस्त्यावर दर ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांची जत्रा भरते. मामाला गाडी तिथे न्यायची होती, सगळ्या कागदपत्रांसकट. ते काम माझ्याकडे आलं.

आधी मी यादी केली. फोर-स्पीड गिअरबॉक्स, ट्राय-पॉवर, रॅली व्हील्स, डॅशबोर्डवर टॅकोमीटर. यातलं कारखान्यातून काय आलं आणि नंतर काय बसवलं, हे शोधायचं. गाडीच्या नंबरची सुरुवात २३७, म्हणजे ल मान्स. पुढचा ५ म्हणजे १९६५, आणि पी म्हणजे पॉन्टियाक गावातलाच कारखाना. पण गंमत अशी, की जीटीओ हा त्या वर्षी ऑप्शनच असल्यामुळे खऱ्या जीटीओचा नंबरही २३७ नेच सुरू होतो. १९६६ पासून तिला स्वतःचा २४२ मिळाला. म्हणजे नंबर काहीच सांगत नाही. सांगतो तो फक्त कारखान्याचा जुना इन्व्हॉइस. त्याच्या नकला पॉन्टियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेस नावाची संस्था पुरवते. मी अर्ज केला.

कागद आला. मी तीनदा वाचला. ल मान्स. ३२६ चं इंजिन. टू-स्पीड ऑटोमॅटिक. रेडिओ, पॉवर स्टिअरिंग. रंग निळा. जीटीओची ओळच नव्हती.

३२६ आणि ३८९ ही इंजिनं बाहेरून सारखीच दिसतात, त्यामुळे नुसत्या नजरेला कळत नाही. मी टॉर्च घेऊन गाडीखाली शिरले. गिअरच्या दांड्यासाठी फ्लोअर कापून वेल्डिंग केल्याची शिवण स्पष्ट दिसत होती. डिकीतली मॅट उचलली, तर कोपऱ्यात निळा रंग. मला रडूच आलं. मामाला सांगायचं कसं?

रात्री जेवताना कागद त्याच्यासमोर ठेवला. त्याने चष्मा लावून वाचला, घडी केली आणि म्हणाला, "भात वाढ गं थोडा." बस. दोन दिवस तो गॅरेजमध्ये गेला नाही. तिसऱ्या दिवशी मामी म्हणाली, "अरे, परवापर्यंत पळत होती ना? कागद वाचून बंद पडली का?"

खरा पेच पुढेच होता. मामाच्या ऑफिसमधला एकजण कित्येक महिने ही गाडी मागत होता, आणि खऱ्या जीटीओची किंमत द्यायला तयार होता. मामेबहिणीची कॉलेजची फी तोंडावर आलेली. कागदाबद्दल फक्त आम्हाला तिघांनाच माहीत. मी आपली लॅबमध्ये रीडिंग 'सेट' करणारी. सहज बोलून गेले, "मामा, त्याला सांगायलाच हवं का? त्याने विचारलं तर सांग."

मामा माझ्याकडे बघत राहिला. "मला विकणाऱ्यालाही कुणीतरी असंच म्हणालं असेल बघ."

मला पुढे बोलता येईना.

त्याने त्या माणसाला कागद दाखवला. सौदा मोडला. फीसाठी मामाने कर्ज काढलं. गाडी घरातच राहिली.

मी त्याची समजूत घालायला गेले, "पण मामा, मूळ जीटीओ तरी काय? ल मान्सच, वर ऑप्शन! नावसुद्धा फेरारीवरून उचललेलं. त्यातल्या 'ओमोलोगातो'चा अर्थ अधिकृत मान्यता मिळालेली!" तो पहिल्यांदा हसला. म्हणाला, "वकील हो तू. अगं, नंतर बसवलं यात वाईट काही नाही. नंतर बसवून कारखान्याचं म्हणून सांगणं वाईट."

त्या शनिवारी गावातल्या गाड्यांच्या मेळाव्याला आम्ही गेलो. काचेमागचं कार्ड मामाने स्वतः लिहिलं होतं : '१९६५ ल मान्स. जीटीओचे भाग नंतर बसवलेले.' दोघे-तिघे वाचून पुढे गेले. एक आजोबा मात्र थांबले. त्यांच्याकडे तरुणपणी ल मान्सच होती, निळी. अर्धा तास बोलत बसले. निघताना त्यांनी बॉनेटवर हात ठेवला, घोड्याच्या मानेवर ठेवावा तसा.

परत येताना मामा म्हणाला, "तुझी मराठीपण तशीच आहे. फॅक्टरी ऑप्शन नाही, हॉस्टेलला बसवलेली!"

खरंच आहे. 'च्यायला'पासून 'पुलं'पर्यंत सगळं मी इथेच शिकले, बी विंगच्या जिन्यात बसून. म्हणून हे माझं कार्ड, काचेमागे लावलेलं : भाषा नंतर बसवलेली आहे. चुका कारखान्यातल्या असतील किंवा माझ्या, रूममेटच्या नाहीत.

आणि हो, या सेमिस्टरला जर्नलमधली रीडिंग माझी स्वतःची आहेत. एकही ग्राफ सरळ आलेला नाही!