सव्वासहा रुपयांची कॉफी

आपल्याकडे चहाला कारण लागत नाही. पाहुणा आला की चहा, पाऊस पडला म्हणून चहा आणि ऊन वाढले म्हणूनही चहाच! कॉफीचे मात्र तसे नाही. तिला निमित्त लागते. घरात कोणाला सर्दीताप आला, मावशीचा उपास असला किंवा "आम्ही चहा सोडला हो" असे म्हणणारे एखादे वडीलधारे दारात उभे राहिले, की फळीवरची लहान बरणी खाली येते. भरपूर दूध, त्याहून भरपूर साखर आणि वरून किसलेले जायफळ, यांच्या गर्दीत बिचारी कॉफी कुठेतरी अंग चोरून बसलेली असते. ती पिऊन झोप उडायच्या ऐवजी चांगली गाढ लागते!

अशा संस्कारात वाढलेल्या आम्हां वीस जणांना रोज दुपारी चार वाजता, झोप उडवणारी आणि खिशाला परवडणारी कॉफी कशी मिळावी, हा प्रश्न गेले वर्षभर आमच्या अभ्यासिकेत गाजतो आहे. वरवर पाहता प्रश्न पातेल्याचा आणि दुधाचा आहे. मला मात्र अर्थशास्त्राच्या तासाला जे नीट उमगले नव्हते, ते या पातेल्याने समजावले.

आमची अभ्यासिका जुन्या पनवेलमध्ये एका वाड्याच्या माडीवर आहे. खुर्च्या सव्वीस. येणारे सगळेच विद्यार्थी आहेत असे नाही. स्पर्धापरीक्षेची तयारी करणारे आहेत, पोलीसभरतीवाले आहेत, हिशेबतपासनिसाकडे उमेदवारी करणारी एक ताई आहे, आणि कंपनीचे काम लॅपटॉपवर करणारे पण घरी टेबल मांडायला जागा नसलेले दोघे दादाही आहेत. घरी जागा नाही, एवढे एक सर्वांचे सारखे. माडीचे मालक, ज्यांना आम्ही काका म्हणतो, ते जागेचे भाडे बेताचेच घेतात.

चारच्या सुमारास पुस्तकातल्या ओळी एकमेकींवर चढू लागतात. खाली टपरी आहे. तिथे कटिंग दहा रुपयांना. पण खाली गेलेला माणूस अर्ध्या तासाआधी वर येत नाही आणि मुलींना तिथे उभे राहणे नको वाटते. मॉलमध्ये एका कॉफीला दोनशेच्या वर मोजावे लागतात. तेवढ्यात आमच्यापैकी काहींचा आठवड्याचा प्रवास होतो. सुरुवातीला काकांच्या परवानगीने विजेची शेगडी आणि तयार कॉफीची बरणी आली. बरणी चार दिवसांत तळ गाठी आणि चवीबद्दल कोणी चकार शब्द काढत नसे, कारण काढण्यासारखी चव नव्हती.

इथे माझे बाबा उपयोगी पडले. बाबा तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये आचारी आहेत. मी कॉलेजात काय शिकते हे त्यांना फारसे सांगता येत नाही, पण दोनशे माणसांची कॉफी कशी करावी हे त्यांना झोपेतही सांगता येईल. "पावडर दुधात उकळलीस की वासही गेला आणि पैसेही गेले," ते म्हणाले. "आधी काढा काढ. पाणी उकळलं की खाली उतरव, जरा दम धरू दे, मग फडक्यातल्या पावडरीवर हळूहळू ओत. पिळायचं नाही. पिळलंस तर कडू होईल." काढा आणि दूध वेगवेगळे ठेवायचे, हेही त्यांचेच. चहा दुसऱ्यांदा तापवला की बिघडतो. काढा मात्र झाकून ठेवला तर उशिरा आलेल्यालाही ताज्या दुधात मिळतो. चिकोरीचे रहस्यही त्यांनीच फोडले. चिकोरी म्हणजे एका झाडाचे भाजून दळलेले मूळ. तिने रंग दाट होतो, किंमत उतरते. पण झोप उडवणारे द्रव्य तिच्यात नसते. पाकिटावर तिचे प्रमाण छापलेले असते. ते न वाचता स्वस्त पाकीट घेणारा स्वस्तात रंग विकत घेतो.

मग आम्ही हिशेब मांडला. वीस कप, प्रत्येकी 100 मिलिलिटर. एक लिटर दूध 60 रुपये, शंभर ग्रॅम पावडर 50 रुपये, दोनशे ग्रॅम साखर 9 रुपये, वीज आणि भांडी घासायचा साबण मिळून 6 रुपये. एकूण 125. म्हणजे कपाला सव्वासहा रुपये! महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर माणशी साडेबासष्ट वर शंभर. फुटणाऱ्या कपांची सोय म्हणून वर्गणी 170 ठरली. टपरीपेक्षा स्वस्त आणि मॉलपेक्षा (हे माझे प्रामाणिक मत आहे) चांगली!

हे जमले कसे? आम्ही हुशार होतो म्हणून नव्हे. मध्ये कोणी नफा घेणारा नव्हता म्हणून. बाबांच्या कँटीनचेही तसेच. 1948 च्या कारखाना अधिनियमाने अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत कँटीनची तरतूद केली आणि तिच्या व्यवस्थापनात कामगारांच्या प्रतिनिधींना जागा दिली. कामाच्या ठिकाणचा कप हा उपकार नसून कामाचाच भाग आहे, असे कायद्याने म्हटल्यासारखे झाले.

याहून मोठे उदाहरण आपल्या शेजारी मुंबईतच सुरू झाले होते. 1930 नंतरच्या मंदीत भारतीय कॉफीला गिऱ्हाईक हवे होते. कॉफी उपकर समितीने 1936 साली चर्चगेटला पहिले इंडिया कॉफी हाउस उघडले. पुढे कॉफी बोर्डाच्या आधिपत्याखाली देशभर अशी कॉफीगृहे झाली. 1950 नंतरच्या दशकात बोर्डाने ती बंद करायला घेतली आणि कामगार रस्त्यावर आले. तेव्हा ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने त्यांनी सहकारी संस्था काढल्या. 1957 साली बंगळूरला पहिली. काल कप उचलणारा आज मालक झाला! कोलकात्याच्या कॉलेज स्ट्रीटवरचे कॉफी हाउस 1958 साली बंद झाले तेव्हा ते पुन्हा उघडावे म्हणून प्रेसिडेन्सी कॉलेजचे आणि विद्यापीठाचे प्राध्यापक सरकारकडे धावले, आणि त्याच वर्षी ते उघडले. आमच्या प्राध्यापकांनी ही गोष्ट जरूर ध्यानात ठेवावी! त्यांनी वाचवले ते नुसते पेय नव्हते; एका कपाच्या किमतीत तासभर बसण्याचा हक्क वाचवला.

असो. कॉफी स्वस्त झाली, चांगली झाली. येथवरचे काम सोपे होते असे आता वाटते.

पहिला पेच कामाचा. कॉफी करणे आणि कप विसळणे हे पहिल्या पंधरवड्यात कोणी न सांगताच मुलींकडे आले. एका ताईने एके दिवशी शांतपणे विचारले, "परीक्षा काय फक्त तुमचीच आहे का?" त्यावर एक दादा म्हणाला, "आम्हाला जमत नाही गं, बिघडेल." मी म्हटले, "माझे बाबा रोज दोनशे माणसांची करतात. त्यांना कसं जमतं?" दुसऱ्या दिवशी भिंतीवर पाळ्यांचा तक्ता लागला. आज पोलीसभरतीवाल्या एका दादाचा काढा सर्वांत उत्तम होतो.

दुसरा पेच कपांचा. प्रत्येकाने आपापला कप आणावा, अशी सूचना स्वच्छतेच्या नावाखाली आली. काकांनी फक्त एवढेच म्हटले, "आपला जिल्हा कोणता ते विसरू नका. महाड याच जिल्ह्यात आहे." चवदार तळ्याचे पाणी 1927 साली माणसांनी ओंजळीने प्यायले, ते पाणी सर्वांचे आहे हे सांगण्यासाठी. सूचना तिथेच विरली. वीस कप एकाच घाटाचे आणले. कोणता कोणाचा, हे कोणालाही ओळखू येत नाही. स्वच्छतेसाठी गरम पाणी आणि साबण पुरतो.

तिसरा पेच मात्र पैशांचा होता आणि तो अजूनही मला विचार करायला लावतो. वर्गणी देणाऱ्यांची यादी दारावर लावलेली असे. दिली की नावापुढे बरोबरची खूण. न दिल्यास लाल गोल. दर महिन्याला 3,400 रुपये चोख जमत. यादीचे सर्वांनाच कौतुक होते.

मानसशास्त्राच्या तासाला सरांनी एक प्रयोग सांगितला होता. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठात एका विभागाच्या कॉफीच्या खोलीत पैसे टाकायची पेटी होती. कोणी लक्ष ठेवीत नसे. ज्याने त्याने आपल्या मनाने पैसे टाकायचे. संशोधकांनी दरपत्रकाच्या वर एका आठवड्यात फुलांचे चित्र लावले, तर दुसऱ्या आठवड्यात रोखून पाहणाऱ्या डोळ्यांचे. डोळ्यांच्या आठवड्यांत जवळजवळ तिप्पट पैसे जमले! हा निबंध 2006 साली प्रसिद्ध झाला. नुसत्या कागदावरच्या डोळ्यांची ही ताकद! ऐकताना मला आमची यादी आठवली. तेही डोळेच होते.

परंतु पेटीत आलेले पैसे मोजता येतात. न आलेली माणसे मोजता येत नाहीत. आमच्यात एक दादा होता. रात्री पहाऱ्याची नोकरी, दिवसा अभ्यास. एका महिन्यात त्याच्या नावापुढे लाल गोल आला. दुसऱ्या महिन्यापासून तो म्हणू लागला, "कॉफीने मला पित्त होतं." चार वाजले की तो वडाळे तलावाकडे फिरायला जाई. पुढे पुढे तो चारनंतर वर येईनासाच झाला. कोणी त्याला काही बोलले नव्हते. बोलायची गरजच नव्हती. यादी बोलत होती.

आता यात एवढे काय गेले, असे कोणी म्हणेल. एक कप कॉफीच ना? पण आमच्याकडे चार वाजताच सगळे घडते. कोणी जुन्या प्रश्नपत्रिका आणतो, कोणी गणिताची युक्ती सांगतो, कोणती जाहिरात आली, कोणत्या अर्जाला कोणता दाखला जोडायचा, हे सगळे कप हातात असतानाच ठरते. ज्यांच्या घरात आधी कोणी कॉलेजची पायरी चढले नाही, त्यांना या गोष्टी सांगायला घरी माणूस नसतो. माझी गोष्ट तीच आहे. कुठला विषय घ्यावा, शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे भरावा, हे मला त्या पातेल्याभोवती कळले. सराव परीक्षेचा गटही तिथेच ठरला. त्यात त्या दादाचे नाव नव्हते, कारण तो तेव्हा तलावाकाठी होता. सव्वासहा रुपयांच्या कपाबरोबर काय काय वाटले जाते, हे हिशेबाच्या वहीत येत नाही.

ही गोष्ट बैठकीत निघाली तेव्हा बरीच वादावादी झाली. "फुकट्यांना मोकळं रान मिळेल," असे एका बाजूचे म्हणणे. ते अगदीच खोटे नव्हते. "त्याची वर्गणी आपण भरू," असे दुसऱ्या बाजूचे. त्यावर लॅपटॉपवाला एक दादा म्हणाला, "आणि त्याने ती कुणाकडे मागायची? मागावी लागली म्हणजे यादी परत आलीच की." शेवटी यादी काढली आणि वर फट असलेली बंद पेटी ठेवली. महिन्यातून एकदा, ज्याला जमेल त्याने, जमेल तेवढे टाकावे.

पहिल्या महिन्यात 3,130 रुपये निघाले. खर्च 3,250. एकशेवीस रुपयांची तूट! यादीवाल्यांना जोर चढला. तेव्हा हिशेबतपासनिसाकडच्या ताईने कागद घेतला. "समजा दोघांना काहीच टाकता आलं नाही," ती म्हणाली, "उरलेल्या अठरांनी 170 ऐवजी 180 टाकले तर होतात 3,240. कमी पडले दहा. तेवढे दुधाच्या पिशव्या आणि रद्दी विकून येतात." म्हणजे दोन माणसांना पातेल्याजवळ ठेवण्याचा खर्च प्रत्येकाला महिन्याला दहा रुपये, टपरीवरचे एक कटिंग! यावर कोणाला काही बोलता आले नाही. पुढच्या महिन्यात पेटीत 3,420 निघाले.

व्यवस्था अमर आहे, असे मी म्हणणार नाही. दूध महागले तर हा हिशेब मोडेल. नवे सदस्य येतील, त्यांना यादी पुन्हा आठवेल. कॉफी हाउसच्या कामगारांनाही एकदाच जिंकून भागले नसणार. सहकार रोज पातेले घासण्यासारखा रोजच करावा लागतो.

पहारेकरी दादाचे पित्त मात्र बरे झाले आहे. मंगळवारी काढा करायची पाळी त्याची असते आणि जरा जास्तच कडक करतो, अशी तक्रार आहे. पेटीची किल्ली सध्या माझ्याकडे आहे. महिन्याच्या शेवटी मी नोटा मोजते, आकडा वहीत लिहिते आणि पेटी बंद करते. दहाच्या नोटा असतात, पन्नासच्या असतात, कधी नुसती नाणी असतात. कोणती कोणाची, ते मला ओळखू येत नाही.

(द्वितीय वर्ष, कला)