मागच्या बाकावरचे मत

नाशिकात कुणी मोटार घ्यायची ठरवली, की ती बातमी घरात फार वेळ टिकत नाही. गंगापूर रोडवर सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींना ती आधी कळते, आणि मग घरच्या माणसांना स्वतःचे मत बनवायला फुरसतच उरत नाही. लग्न जमवताना मध्यस्थ निदान दोनचारच असतात. मोटारीच्या बाबतीत साऱ्या गावाला मध्यस्थी करायची असते. एक म्हणतो, आता डिझेल घेऊ नका. दुसरा म्हणतो, डिझेलवाचून कसाऱ्याचा घाट चढण्यात मजा नाही. तिसरा हळूच विचारतो, "विकताना काय येईल?" आणि सारे एकदम गंभीर होतात. जी वस्तू अजून घेतलीच नाही ती विकण्याची काळजी करावी, हा आम्हा मध्यमवर्गीयांचा खास गुण होय.

आमच्या घरी हा विचारविनिमय पावसाळाभर चालला. जुनी छोटी गाडी चौदा वर्षांची झाली होती. चिरंजीवांनी एक मोठा तक्ता केला. त्यात अ‍ॅव्हरेज, पडद्याचे इंच, सुरक्षेच्या चाचणीत मिळालेले तारे, छपराला काच आहे की नाही, अशी अकरा घरे होती. यजमानांनी त्यात हप्त्याचे बारावे घर काढले. माझे दीर पुण्याहून रोज रात्री दूरध्वनीवरून तेराव्या घराची भर घालीत. तक्ता मोठा विद्वत्तापूर्ण होता. पण तो वाचताना माझ्या मनात आले, की ह्यातला एक एक प्रश्न चालवणाऱ्याच्या जागेवरून विचारलेला आहे, नाहीतर समोरच्या बंगल्याच्या खिडकीतून. मागे बसणाऱ्यांना काही विचारावे, त्यांच्यासाठी एखादे घर आखावे, हे कुणाच्या डोक्यातच आले नव्हते.

मी मराठी शिकवते, त्यामुळे शब्दांकडे नको तेवढे लक्ष जाते. माझ्या माहेरी वडीलमंडळी कुणाच्या नव्या गाडीविषयी विचारीत, "बसायला कशी आहे हो?" आता विचारतात, "चालवायला कशी आहे?" क्रियापद बदलले, आणि त्याच्याबरोबर गाडीतली सगळी माणसे एकेक बाक मागे सरकली. अर्थात त्या काळी निवडीचा प्रश्नच नव्हता. 1960 च्या दशकात फियाट, अ‍ॅम्बॅसॅडर आणि स्टँडर्ड हेराल्ड ही तीनच नावे; नाव नोंदवायचे आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी फियाट (पुढे तिचीच पद्मिनी झाली) गिअरचा दांडा चाकापाशी असल्यामुळे पुढेही तिघांना सामावून घेई, आणि मागे किती बसले हे मोजण्याची रीत नव्हती. डिसेंबर 1983 मध्ये मारुती आली, आणि गाडी चालवणे ही सुखाची गोष्ट असू शकते, हे आम्हाला प्रथम कळले. तिथून 'बसायला' मागे पडले असावे.

पण मौज अशी, की निव्वळ बसण्यासाठी म्हणून काढलेली एक गाडी आमच्याच नाशिकात तयार होत होती. सातपूरच्या महिंद्राच्या कारखान्याचे नाव घेतले की लोकांना 2002 सालची स्कॉर्पिओ आठवते. मला आठवते ती लोगन. रेनॉने रुमानियातल्या आपल्या डाचिया कंपनीकडून 2004 मध्ये ही गाडी काढली, तेव्हा पाच हजार युरोंत अख्ख्या कुटुंबाची मोटार द्यायची असा संकल्प होता. म्हणून जिथे जिथे पैसा वाचेल तिथे तिथे वाचवला. बाहेरचे आरसे डावे-उजवे वेगळे न करता एकाच घाटाचे केले, म्हणजे साचा एकच पुरतो. आकारात नखरा नाही, कुठे नक्षी नाही. मात्र जागेत कंजूषपणा केला नाही. पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर 2630 मिलिमीटर, डिकी 510 लिटरची, आणि मागे तीन मोठी माणसे खांदे न चोरता बसतील एवढी रुंदी. महिंद्रा आणि रेनॉ यांच्या भागीदारीत ती 2007 मध्ये नाशिकहून निघू लागली. जुन्या घरातल्या काटकसरी आजीसारखी तिची वृत्ती: स्वतःच्या लुगड्याला ठिगळ, पण पानात वाढताना हात सैल.

लोकांनी तिला टॅक्सी म्हटले. तिच्यासाठी गिऱ्हाईक म्हणून टॅक्सीवालेच पुढे आले, आणि मग ते नाव पक्केच झाले. टॅक्सीवाल्याने पसंत केलेली गाडी आपण नाकारावी, यात मला नेहमीच विचित्र वाटत आले आहे. दिवसाकाठी तीनशे किलोमीटर चालवून ज्याला पोट भरायचे असते, त्याच्याइतकी गाडीची पारख कोण करणार? 

दुसरे कारण सरकारी फूटपट्टीचे. 2006 च्या अर्थसंकल्पात लहान मोटारींवरचे उत्पादन शुल्क 24 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर आले; लहान म्हणजे लांबीला 4 मीटरांच्या आत, शिवाय इंजिनही ठरावीक मापाच्या आतले. लोगन भरली सव्वाचार मीटर. मग साऱ्या देशात गाड्यांची शेपटे छाटण्याचा कार्यक्रम सुरू झाला. 2008 मध्ये टाटांनी इंडिगो आखूड केली. मारुतीची डिझायर 2012 मध्ये मापात बसली, पण तिची डिकी 440 लिटरांवरून 316 वर आली. सव्वाशे लिटर सामान करापायी घरी राहिले! 2010 मध्ये रेनॉ भागीदारीतून बाहेर पडल्यावर लोगनची व्हेरिटो झाली होती. 2013 मध्ये तिचीही एक आखूड बहीण निघाली. तीही फारशी कुणाच्या नजरेत भरली नाही. पुढे व्हेरिटो निघायचीच बंद झाली. करांचे आकडे बदलले, 22 सप्टेंबर 2025 पासून लहान मोटारींवर 18 टक्के नि मोठ्यांवर 40 टक्के जीएसटी आला, तरी 4 मीटरांची ती फूटपट्टी अजून तीच आहे.

हे सारे मी इतक्या आस्थेने का सांगते, त्याला कारण आमच्या सासूबाई.

त्यांना अठ्ठ्याहत्तरावे चालू आहे. दोन्ही गुडघे गेलेले. जुन्या छोट्या गाडीत त्यांना खाली खाली बसावे लागे, आणि उतरताना यजमान पुढून दोन्ही हात धरून ओढीत. गेल्या वर्षी सिन्नरला धाकट्या बहिणीच्या दारात हा सोहळा चारचौघांदेखत झाला. बाई काही बोलल्या नाहीत. पण तेव्हापासून कुठे जायचे निघाले, की "तुम्ही जाऊन या, मी आहे घरी" असे म्हणू लागल्या. दिवाळीत म्हणाल्या, बहिणीच्या नातवाच्या मुंजीतही म्हणाल्या. ज्या बाईने उभ्या जन्मात एक मुंज चुकवली नाही ती दिवसभर खिडकीशी बसून राहिली. पुण्याला मात्र एका लग्नासाठी त्या निघाल्या होत्या, कारण त्या दिवशी ठरवलेली भाड्याची गाडी नेमकी व्हेरिटो होती. दार उघडून त्यांनी पाठ टेकवली, पाय आत घेतले, आणि मी हात पुढे करीपर्यंत त्या बसलेल्या होत्या. संगमनेर येईतो त्यांनी ड्रायव्हरला त्याच्या मुलांची शिक्षणे विचारून घेतली होती.

शोरूममध्ये मी त्यांना मुद्दाम नेले. तिथला तरुण विक्रेता फार अदबशीर होता. त्याने यजमानांना चाकापाशी बसवले, चिरंजीवांना पडदा दाखवला, मला छपराची काच उघडून आकाश दाखवले. सासूबाई उंच गाडीच्या मागच्या दाराशी उभ्या होत्या. पायरी त्यांच्या गुडघ्याच्या वर. त्यांनी एकदा निऱ्या सावरल्या, एकदा दाराचा दांडा धरला, आणि मग म्हणाल्या, "छान आहे हो रंग." एवढेच. वर्गात मागच्या बाकावरचा मुलगा असाच मान डोलावतो, आणि त्याला काहीच ऐकू आलेले नाही हे वीस वर्षांच्या अनुभवाने मास्तरांना कळते.

त्याच आठवड्यात आमच्या गल्लीतल्या काकांनी गाडी विकायला काढली. काका सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले; गाडी 2017 सालची डिझेल व्हेरिटो, चाळीस हजार किलोमीटरही न झालेली. इंजिन तेच, जे पुढे डस्टरमध्येही बसले, तेव्हा यंत्राचे भाग मिळतात. काकांनी किंमत सांगितली नाही, आधी किल्ली दिली. म्हणाले, "आजींना बसवून बघा, मग बोलू."

रात्री दिरांचा दूरध्वनी आला. ते खरोखर रागावले होते. "वहिनी, आजकाल सहा सहा एअरबॅग असतात. त्या जुन्या गाडीत तशी सोय नाही. आईचे गुडघे महत्त्वाचे की डोके?" त्यांचा प्रश्न उडवून लावण्यासारखा नव्हता. 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींची मोटार आदळली. गाडी भारी, पुढचे दोघे वाचले, आणि मागे बसलेले दोघे गेले. मागच्यांनी पट्टे बांधलेले नव्हते असे पोलिसांनी सांगितले होते. मागचा बाक विसरल्याची किंमत कधी कधी अशी द्यावी लागते. मी दिरांना म्हटले, "भाऊजी, तुमचे म्हणणे पटते. पण घरी खिडकीशी बसलेल्या माणसाला सहा एअरबॅगांचा काय उपयोग? पट्टे मी स्वतः ओढून बघते. आणि गाडी ऐंशीच्या वर जाणार नाही, हा माझा शब्द." भाऊजी म्हणाले, "तुमचा शब्द ठीक आहे, दादाचे काय?" त्यावर यजमानांनी पलीकडच्या खोलीतून खोकून घेतले.

दुसऱ्या दिवशी काकांच्या अंगणात मागचे दोन्ही पट्टे मी ओढून, लावून, सोडून पाहिले. एक जरा अडत होता; काकांनी तो बदलून देण्याचे कबूल केले आणि बदललाही. सासूबाईंना पट्टा बांधला तेव्हा त्या म्हणाल्या, "हे काय, जानवे घालता की काय मला?" पण काढा म्हणाल्या नाहीत. काकूंनी चहा आणला तो त्यांनी गाडीतच घेतला. उतरल्या त्या एकट्या.

चिरंजीवांचे तोंड अजून थोडे वाकडे आहे. छपराला काच नाही, पडदा नाही, मित्र काय म्हणतील, वगैरे. त्याला मी पुढच्या सीटचा हक्क दिला आहे. माझी जागा मागे, सासूबाईंच्या शेजारी.

येत्या रविवारी सिन्नरला जायचे. डिकीत काय काय ठेवायचे त्याची यादी त्यांनी कालपासून सुरू केली आहे. सातव्या क्रमांकावर दोन कोहळे आहेत, आणि यादी अजून पुरी झालेली नाही.